मायच्या थैलीतले कागद

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पत्र लांबलचक आहे, गरजेपुरतं इथे देते.

"माझी माय गेल्या कार्तिकात गेली. चौथी शिकलेली, पण वीस-पंचवीस वर्षं आमच्या आणि आसपासच्या गावांत बायांची कामं करत फिरली. बचत गट बांधले. ज्यांच्या घरधन्यानं फवारणीचं औषध घेतलं त्या बायांना तहसीलात नेलं, गावातलं देशी दारूचं दुकान मतदान घेऊन बंद पाडलं. सारा गाव तिला काकी म्हणायचा. येत्या कार्तिकात वर्षश्राद्ध आहे. दादा म्हणतो, बसस्टँडजवळ अर्धपुतळा बसवू, गावजेवण देऊ, पुढाऱ्यांना बोलावू, स्मरणिका काढू. स्मरणिकेत मायबद्दल मी लिहायचं ठरलं. कागद पुढ्यात घेते, 'त्यागमूर्ती', 'वात्सल्यसिंधू' असं काहीतरी लिहिते आणि खोडते. ती तशी नव्हतीच. तापट होती. माझ्या साक्षगंधाला पाहुणे मांडवात येऊन बसले आणि माय कुठल्याशा बाईला घेऊन पोलीस स्टेशनात. मला तयार केलं मोठ्या मायनं. माय आली तेव्हा पंगत बसली होती, लुगड्याच्या काठाला चिखल. पाय धुतले आणि वाढायला लागली. ते मी अजून विसरले नाही. हे लिहू का? लोक काय म्हणतील? बाबा काही बोलत नाहीत. माय बाहेर असली की रात्री बेसन-भाकर तेच करायचे. तिची कागदांची थैली अजून खुंटीवर आहे. बाजूला तारेला टोचलेली एसटीची तिकिटं आहेत, त्यांच्या पाठीवर ती हिशोब लिहायची. हात लावायची हिंमत होत नाही. दादाचं म्हणणं, मायच्या नावावरच्या दोन एकरांचं हक्कसोडपत्र वर्षश्राद्धाआधी करून दे, मग पुतळ्याचा खर्च माझा. पण ते वेगळं. मला एवढंच विचारायचं आहे की मायबद्दल खरं कसं लिहू?"

ताई,

लेखाचं नंतर बघू. आधी ती थैली खुंटीवरून खाली काढा, आणि शक्य तर आजच काढा. कारण त्यातले बरेचसे कागद तुमच्या मायचे नाहीतच.

असं काम करणाऱ्या बाईच्या थैलीत काय असतं ते मी वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत पाहिलं आहे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची पुसट झेरॉक्स. पासबुकात घडी करून ठेवलेली मुदत ठेवीची पावती. रबर लावलेली पासपोर्ट फोटोंची गड्डी, त्यात पाच-सहा बायांचे चेहरे एकत्र. आणि एखादा निराधार योजनेच्या मासिक मदतीचा अर्ज, अंगठा उठवलेला, तलाठ्याच्या सहीची जागा कोरी. बाया हे कागद काकीकडे ठेवतात, कारण घरी ठेवले तर छत गळतं, उंदीर कुरतडतात, नाहीतर दीर घेऊन जातो. काकी गेल्यावर मागायला कोण येणार? घरात दुःख, समोर मास्तरीणबाई, तिला "ताई, माहं कार्ड तुमच्या घरी हाय वो" म्हणायला जीभ रेटत नाही. निराधारच्या पगाराला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एखाद्या म्हातारीचा पगार थांबलेला असेल आणि त्याचं कारण तुमच्या भिंतीवर टांगलेलं असेल.

थैली एकटीनं उघडू नका. मायच्या गटातली एखादी जुनी बाई शेजारी बसवा. तुम्हाला जो नुसता कागद दिसेल, तो कुणाचा, कोणत्या वर्षीचा, काम कुठे अडलं होतं, हे ती बघताबरोबर सांगेल. एका वहीत लिहीत जा: कागद कोणता, कुणाचा, कुणाच्या हाती दिला, तारीख. अर्धवट राहिलेले अर्ज वेगळे काढा आणि उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाच्या, गावातल्या कार्यकर्तीकडे (सीआरपीकडे) किंवा गटाच्या अध्यक्ष-सचिवाकडे सोपवा. गटाच्या वह्या गटाच्या, त्या परत करायच्या. बैठकीच्या इतिवृत्ताच्या पानांचे फोटो हवे असतील तर विचारून काढा. कर्जाच्या खतावणीचे मात्र काढू नका. कुणाचे किती थकले हे मायच्या तोंडून कधी गावात गेलं नसेल, ते आता तुमच्या मोबाईलमधून जाऊ नये.

तारेवरच्या तिकिटांचं मात्र उलट. त्यांचे फोटो लगेच, दोन्ही बाजूंनी काढा. कंडक्टरच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावरची छपाई उडते, काही वर्षांत कोरा कागद हातात राहतो. लॅमिनेशनला तर मुळीच देऊ नका. हौसेनं देतात लोक, पण तसला कागद उष्णतेनं काळा पडतो. उन्हापासून लांब, वहीच्या पानांत ठेवा. तिकिटावर तारीख असते, कुठून कुठे गेली ते असते, भाडं असतं. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे तारीख उडालेली तिकिटंसुद्धा भाड्यावरून थोडीफार लावता येतील. मायनं डायरी लिहिली नाही म्हणून हळहळू नका, चौथी शिकलेल्या बाईनं तारीखवार लिहून ठेवलेलं इतकं तरी तुमच्याकडे आहे.

थैलीपासून सुरुवात करायला सांगितली त्याचं आणखी एक कारण आहे. तुमचा लेख अडला आहे तो तुम्ही मायला मायमध्येच शोधता आहात म्हणून. कामाच्या कागदावर तिचं नाव नाही. कुठेच नसणार. ज्यांचं काम झालं त्यांची नावं आहेत.

नवरा गेलेल्या बाईचंच घ्या. २००६ पासून सरकार शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात १ लाख रुपये देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ऐकायला सरळ वाटतं. पण प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. सातबारा लागतो, आणि वावर पुष्कळदा सासऱ्याच्या नावावर असतं. कर्ज थकल्याचा कागद लागतो, बँकेचा, सोसायटीचा नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचा. गावातल्या ज्या माणसाकडून पेरणीच्या तोंडावर शेकड्यानं पैसे उचलले, त्याचा कागद कुठून आणणार? मग फायलीवर 'अपात्र' असा शेरा पडतो आणि बाई तहसीलाच्या पायऱ्यांवर बसून राहते. त्या फायलीत अर्जदार ती, मयत तिचा नवरा, सह्या अधिकाऱ्यांच्या. तिला पायऱ्यांवरून उठवून परत आत नेणारी काकी कागदावर नाही.

वारसाच्या नोंदीचंही तेच. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची असते. त्या तीन महिन्यांत बाई घराबाहेर पडत नाही. वर्दी देतो दीर नाहीतर सासरा. मग सहा-कच्या नोंदवहीत वारसांची नावं चढतात, फेरफार होतो, नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही. वर्दीतच बाईचं नाव नसलं तर पुढे कुणी विचारत नाही, आणि तिला सातबारा वाचता येत नसला की खत उधार मागायला जाईपर्यंत तिला पत्ताही लागत नाही. तुमची माय ज्या बायांबरोबर गेली त्यांना त्यांचा सातबारा काढून आणायला सांगा. त्यावर फेरफाराचा क्रमांक असतो, फेरफाराच्या नोंदीवर तारीख असते. मायच्या आयुष्यातल्या तारखा अशा दुसऱ्याच्या वावराच्या उताऱ्यावर सापडतील.

दारूच्या दुकानाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात, "मतदान घेऊन बंद पाडलं". ती ओळ उलगडा, निम्मा लेख तिथेच आहे. या मतदानाचा नियम तुम्हाला ठाऊक असेल, वाचणाऱ्यांना नसतो. आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, त्या सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवी बाटली जिंकायची तर पडलेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, मतदार यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी आलीच नाही ती दुकानदाराच्या खात्यात जमा. बाळंतपणाला माहेरी गेलेली, दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेलेली, नव्वदीची आंधळी बुढी, नवऱ्यानं कडी लावून ठेवलेली, या सगळ्यांना त्या एका दिवशी त्या खोलीपर्यंत आणावं लागतं. कुणी आणलं? बंडी कुणाची होती? आदल्या रात्री दुकानदारानं कुणाकुणाच्या घरी काय पोचवलं? सह्या दिल्यावर पडताळणीच्या वेळी कोण फिरलं? हे गावात अजून सगळ्यांना आठवत असेल. आकडे कागदावरून पक्के करायचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. ग्रामसभेच्या ठरावांच्या नकलाही तशाच मिळतील.

बायांना विचाराल तेव्हा "काकी कशी होती?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "देव माणूस व्हती वो." पदर डोळ्याला लागतो आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, तू पहिल्यांदा तिच्याकडे कशासाठी गेली होतीस? तेव्हा कडेवर कोण होतं? ती काय म्हणाली? कुठल्या गाडीनं गेलात, तिथे काय खाल्लं, साहेब भेटला का? भांडली का तुझ्याशी कधी? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. मला अशाच एका गावातली बाई सांगत होती, "काकीनं मले झापलंच पयले. म्हने, रडाले घरी जाय, इथं कागद दाखव." सांगताना हसत होती. तुमची माय तापट होती ना, मग असं एक तरी वाक्य तुम्हाला सापडेलच. ते जसं बोललं तसंच लिहा, शाळेच्या भाषेत आणू नका.

मोबाईलवर आवाज नोंदवताना आधी सांगा की नोंदवते आहे, आणि सुरुवातीला तारीख, गाव तुमच्या आवाजात बोला. पंख्याखाली, टीव्हीशेजारी बसू नका. चारचौघी एकत्र बसल्या की एकमेकींना आठवणी पुरवतात, ते ऐकायला बरं, पण नवऱ्याच्या मरणाचं कुणी चारचौघींत बोलत नाही. त्या बाईकडे एकटीनं जा. आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवा. पोरगी आता दिल्या घरी नांदते आहे, तिथे बाप कसा गेला हे सांगितलेलं नसतं. नाव नको म्हणाली तर नको. मायच्या आठवणीपायी कुणाची झाकलेली गोष्ट उघडी पडली, तर माय असती तर काय म्हणाली असती ते तुम्हालाच जास्त माहीत.

जे तिच्यावर खार खाऊन होते त्यांच्याकडेही जा. दुकानदाराच्या घरी नाही जमलं तर निदान त्या पुरुषांकडे, ज्यांच्या मते काकी म्हणजे घरोघरी नवरा-बायकोत भांडणं लावणारी बाई. असं म्हणणारे गावात आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांचं म्हणणं एका परिच्छेदात येऊ द्या. त्यामुळे माय लहान होत नाही. तिनं काय अंगावर घेतलं होतं ते कळतं.

आता साक्षगंधाचं.

लिहा. तुम्ही परवानगी मागता आहात ती माझ्याकडे नाही, मायकडे होती आणि ती आता नाही, म्हणून तुम्हीच घ्यायची. गावाची काकी घराला किती मिळाली, हा हिशोब फक्त तुम्ही आणि दादा मांडू शकता. पुढारी मांडणार नाहीत. असल्या कामाची किंमत कुणीतरी घरात मोजलेली असते, आणि ती लपवली की पुढच्या पोरींना वाटतं अशी बाई म्हणजे देवी, आपल्याच्यानं व्हायचं नाही.

फक्त एक करा. ती दुसरी बाई कोण होती ते शोधा. "कुठल्याशा बाईला" असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या साक्षगंधाची तारीख तुम्हाला पाठ आहे. पोलीस स्टेशन कोणतं तेही ठाऊक असणार. गटातल्या बाया नाव सांगतील. त्या बाईला तो दिवस आठवत असणार, कदाचित तुमच्याइतकाच. तिला विचारा, त्या दिवशी माय काही बोलली का, की आज माझ्या पोरीचं साक्षगंध आहे. बोलली असेल, नसेल. घड्याळाकडे बघत असेल, नसेल. जे कळेल ते तुमच्या आठवणीशेजारी ठेवा, दोन्हींना जोडणारं वाक्य तुम्ही लिहू नका. राग जाईल असं मी म्हणत नाही. काही राग आईबरोबर जात नाहीत. पण तुमच्याकडे त्या दिवसाचा अर्धा भागच आहे, आणि उरलेला अर्धा सांगणारी बाई कदाचित चार कोसांवर राहत असेल.

आणि बाबा. तुम्ही त्यांच्यावर दोन ओळी लिहिल्या, "काही बोलत नाहीत" आणि "बेसन-भाकर तेच करायचे". दुसऱ्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खेड्यात बायको तहसीलात आणि नवरा चुलीपुढे, हे पारावरच्या लोकांनी त्यांना फुकट करू दिलं असेल? काय काय ऐकून घेतलं असेल त्यांनी! मायच्या समाजकार्यात त्यांचा वाटा चुलीपाशी होता आणि तो कुठल्याच सत्कारात आला नसेल. त्यांना समोर बसवून मोबाईल धरू नका, ते आणखी गप्प होतील. सकाळी त्यांच्याबरोबर वावरात जा, धुऱ्यावर बसा आणि विचारा, बेसन कुणी शिकवलं होतं तुम्हाला? पहिल्या दिवशी कच्चं राहिलं होतं का? ते मायबद्दल बोलणार नाहीत, बेसनाबद्दल बोलतील. तेवढं पुरे.

पुतळ्याचं थोडक्यात सांगते. सार्वजनिक जागी पुतळा बसवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ग्रामपंचायतीच्या ठरावावर भागत नाही. परवानगीविना चौथरा बांधला की तो तसाच राहतो, त्यावर पोट्टे बसतात आणि निवडणुकीत फलक लागतात. दादाला हे कायदा म्हणून सांगा, मायच्या नावानं टोमणा म्हणून नको. त्यालाही काहीतरी करायचं आहे, आणि लिहिणं त्याला जमत नाही म्हणून तो सिमेंटकडे वळला आहे. त्याला दुसरं काम द्या. बायांकडे जायला गाडी त्याची, तिकिटांचे फोटो त्यानं काढायचे, स्मरणिकेच्या छपाईचं त्यानं बघायचं. आणि त्याची आठवण त्याच्याच शब्दांत घ्या. थोरल्या पोराच्या वाट्याला कोणती माय आली हे तुम्हालाही पुरतं माहीत नसेल.

गावजेवण द्यायचं तर द्या, पण दादा त्यासाठी कुणाकडून पैसे उचलत नाही ना ते बघा. कर्ज काढून सण करू नका हे गाडगेबाबा आपल्याच मुलखात घसा फोडून सांगत फिरले, आणि तुमच्या मायनं आयुष्यभर कर्जाच्या कागदांचीच धुणी धुतली. प्रतिष्ठान-बितिष्ठान काढण्याची कल्पना कुणी डोक्यात घातली असेल तर वर्षभर थांबा. धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, पण दर वर्षी हिशोब द्यावे लागतात, विश्वस्त बदलला की कळवावं लागतं, आणि उत्साह ओसरल्यावर ते सगळं तुमच्या गळ्यात येतं.

कार्यक्रमाचं म्हणाल तर भाषणं कमी ठेवा. पुढारी दोन तास उशिरा येतात, मायचं नाव चिठ्ठीवर बघून वाचतात आणि "काकींचं कार्य फार मोठं होतं" म्हणून पुढच्या गावाला जातात. तेवढ्यात बाया घरी जनावरं बांधायला उठून गेलेल्या असतात. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. ११ ऑक्टोबर १९६८ ला ज्या वेळी तुकडोजी महाराज गेले, त्या ४ वाजून ५८ मिनिटांच्या ठोक्याला लाखो माणसं उभी राहतात आणि कुणी बोलत नाही. तुमच्या गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर ती ठेवा, दोन मिनिटं शांत उभे राहा, आणि मग बायांना बोलू द्या. त्यांना व्यासपीठावर चढवू नका, ध्वनिक्षेपक खाली त्यांच्यात फिरवा. वर चढल्या की त्या "आदरणीय" म्हणायला लागतात.

शेवटी तुम्ही "ते वेगळं" म्हणून बाजूला सारलेलं हक्कसोडपत्र. ताई, ते वेगळं नाही. जी बाई दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर बायांची नावं चढवत फिरली, तिच्या स्वतःच्या दोन एकरांच्या वारस नोंदीत तिच्या लेकीचं नाव आहे का, ते आधी जाऊन पाहा. वर्ष होत आलं, वर्दी केव्हाच गेली असेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र केलेलं नसेल तर बाईच्या जमिनीवर तिची मुलं-मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क, म्हणजे बाबा, दादा आणि तुम्ही असे तीन वाटे. भावाला वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, अनेक बहिणी माहेर राहावं म्हणून सोडतात आणि त्यात मी नाक खुपसणार नाही. पण हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात होतं, आणि एकदा झालं की फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. पुतळ्याच्या बदल्यात, वर्षश्राद्धाच्या घाईत ते करू नका. दादाला भांडून नको, सरळ सांगा की वर्षश्राद्ध होऊ दे, मग बाबांना मध्ये बसवून बोलू. सातबारा मात्र या आठवड्यातच काढा.

आणि बायांकडे जायचं ते पोळा झाला की लगेच सुरू करा. निंदण संपलेलं असतं, सोयाबीन अजून हिरवं असतं, संध्याकाळी बाया ओसरीवर सापडतात. एकदा सोंगणी लागली आणि तिच्या मागोमाग कापसाची वेचणी आली, की रात्री आठला त्यांचे डोळे मिटायला लागतात, तेव्हा कुणाला काही विचारू नका.